अक्का आणि सीडीतला बेडूक

माझी नणंद सोयराबाई हिला चामराजपेटेत ‘बेडकांची बाई’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे. पाठीमागे म्हणत, पण आमच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणत. ती हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. घराणं जुनं, तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळुरात आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. मी निपाणीची. लग्न होऊन आले तेव्हा यांची अर्धी कानडी मराठी ऐकून मला हसू यायचं, आणि नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं न म्हणता अक्का म्हणणं जिभेवर बसायलाही वेळ लागला. आता मीच तशी बोलते.

अक्काच्या एका गोष्टीची मात्र मला कधी सवय झाली नाही. रविवारी मी मटण धुवायला घेतलं की ती मागून यायची, पातेल्यातून बोकडाचं हृदय उचलायची, सुरीने उभं चिरायची आणि माझ्या मुलीला, दिव्यश्रीला, बोट घालून आतल्या झडपा दाखवायची. मग तेच हृदय परत पातेल्यात. मी नाक मुरडलं की म्हणायची, “कावेरी, खाताना चालतं, मग बघताना का नको?” पण त्या दिवशी मला रस्सा जात नसे.

एका हातात गांडूळ धरून दुसऱ्या हाताने चहा पिणारी ही बाई. पण शाळेतला बेडूक कापायचा तास तिला नको असायचा. दरवर्षी दहावीच्या वर्गापुढे एक बेडूक कापून दाखवायचा, असा रिवाज होता. भोवती अख्खा वर्ग. पुढच्या पोरींना उमासे, मागच्या पोरांची खिदळाखिदळी, आणि मधल्यांना नुसती पुढच्यांची डोकी दिसायची. शिकत कोणीच नसे. “बोकड कापला तर पोटात तरी जातो,” अक्का म्हणायची, “हा कापून जातो कुठं? कचऱ्याच्या डब्यात.” भूतदया वगैरे शब्द तिच्या तोंडी नव्हते. फुकट गेलेलं तिला बघवत नसे, एवढंच.

दिव्यश्री त्याच शाळेत नववीला होती, तेव्हाची गोष्ट. बेडकाचा तास संपल्यावर दहावीच्या दोन टग्यांनी त्या कचऱ्याच्या डब्यातून बेडकाचा पाय उचलला आणि दिव्यश्रीच्या जेवणाच्या डब्यात चित्रान्नाखाली पुरला. तिने घास उचलला तेव्हा भातातून बोटं वर आली. पोर त्या दिवशी घरी आली ती ओकत आली, आणि पुढे शाळेत डबा न्यायचीच बंद झाली. सकाळी दोन घास खाऊन जायची आणि संध्याकाळी भोवळ येईल अशा अवस्थेत परत यायची. मी त्या दोन पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अजूनही आठवलं की करते.

अक्का हेडमास्तरांकडे गेली. महांतेश सर अथणीकडचे, इतिहासाचे मास्तर, मराठी आमच्याइतकीच चांगली. ते हसले. म्हणाले, “पोरं हायत बाई, चालायचंच की.”

“मग बेडूक तरी बंद करा सर.”

“बंद करून शिकवायचं कशावर? आपल्या शाळेत प्रयोग होतात म्हणून ॲडमिशनला रांग लागते. तुम्ही दुसरं साधन आणा, त्या दिवसापासून बेडूक बंद. हा माझा शब्द.”

घरी येऊन अक्काने दिव्यश्रीला जवळ बसवलं. “पुढच्या वर्षी तू दहावीला. त्या वर्षी शाळेत एकही बेडूक कापला जाणार नाही. मी सांगते ना?” दिव्यश्रीने मान डोलावली. अक्का उगाच शब्द देणारी बाई नव्हती, हे त्या पोरीलाही ठाऊक होतं.

आणि नेमका पुढच्या पावसाळ्यात, अठ्ठ्याण्णव साली, दिव्यश्री दहावीला जाताच अभिराज उगवला. पुण्याचा, तिशीच्या आतला, केसाला जेल, कमरेला पेजर. बेंगळुरातल्याच शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागे, चपलांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर त्याची कंपनी होती. हायस्कूलचं अख्खं जीवशास्त्र कॉम्प्युटरच्या सीडीवर आणायचं, असा त्याचा बेत होता. पेशी, पान, हृदय, बेडूक, सगळं. शाळाशाळांतून फिरून तो सल्लागार शोधत होता.

“मॅडम, कन्सेप्ट सिंपल आहे,” तो आमच्या पडवीत बसून म्हणाला. “एक बेडूक तुम्ही कापायचा. आम्ही त्याचा व्हिडिओ करणार, फोटो काढणार. मग पुढे कंट्रीभर मुलं माऊसने कापतील. रिअल बेडूक, झीरो.”

“एकच?” अक्काने विचारलं.

“ओन्ली वन. प्रॉमिस.”

अक्काचा चेहरा असा उजळलेला मी क्वचितच पाहिला होता. तिला वाटलं, देवच भेटला. मला तो जेलवाला देव पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, पण मला विचारतो कोण?

माझ्या नवऱ्याचं, मालोजींचं, स्पेअर पार्टचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांचा डबा पोचवला की मी अक्काच्या सोबतीला त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसायची. म्हणून हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. न पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला बेडूक दिव्यांच्या उष्णतेने वाळला. अक्काने त्याला क्लोरोफॉर्म दिला, मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाचला, पोट उघडलं. तोवर कॅमेरावाल्याचं अजून फोकसच चाललं होतं. कातडी चामड्यासारखी आक्रसली. अभिराज म्हणाला, “डल दिसतोय. अजून एक घेऊ.” दुसऱ्याचं रक्त फार. “मॅडम, हे पुसता येईल का? पॅरेंट्सना कसंसं होतं.” रक्त पुसलं तर आतलं सगळं फिकट दिसायला लागलं. तिसऱ्याच्या पोटात अंडी निघाली. तीही नकोत, सिलॅबसच्या चित्रात अंडी नाहीत. मग हृदय धडधडताना हवं होतं, ते ऐन वेळी थांबलं. महादेवपुऱ्याच्या तळ्यावरून देवाप्पा नावाचा माणूस ओल्या गोणीत बेडूक घेऊन यायचा. जिन्यात उभा राहून विचारायचा, “एष्टु बेकु अम्मा?” किती पाहिजेत? अक्का दर वेळी सांगायची, “आता शेवटचा.” पुढे पुढे तो विचारेनासाच झाला. गोणी भरून आणायचा आणि कोपऱ्यात ठेवून बिडी ओढायला खाली जायचा.

एक दिवस मी वर गेले तर कंपनीतला चित्रकार मेलेल्या बेडकाला पोस्टर कलर लावत बसला होता. हिरवा. खरा बेडूक म्हणजे चिखलाच्या रंगाचा. तो मुलांना आवडणार नाही म्हणे. ब्रशने पापण्यांवर लावला, बोटांच्या बेचक्यांत लावला, मग लांब धरून एक डोळा बारीक करून पाहिलं. खालून कबाबाचा धूर, वर क्लोरोफॉर्मचा गोड वास आणि मधे हा हिरवा मुडदा. मला शिसारी आली. मी जिन्यात जाऊन बसले. तिथे ऐकते तो पलीकडच्या खोलीत एक पोरगी लाडिक आवाजात बेडकाचं बोलणं रेकॉर्ड करत होती. हॅलो फ्रेंड्स, मी फ्रॉगी अंकल, माझ्या पोटात काय दडलंय ते बघायचंय ना? तिच्याकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते. हसू कमी पडतंय म्हणून.

“अक्का, ही माणसं आहेत की कोण?” मी परतताना विचारलं.

“संपत आलंय,” ती म्हणाली. “एकदा झालं की झालं. पुढं मग कुणी कापणार नाही.”

दसऱ्याच्या आधी काम खरंच संपलं. सगळे फोटो, सगळा व्हिडिओ त्या एका मोठ्या कॉम्प्युटरात भरला. आणि आली आयुधपूजा.

बेंगळुरातली आयुधपूजा ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटणार नाही. त्या दिवशी जे जे चालतं, फिरतं, कापतं, त्या सगळ्याला हळदकुंकू लागतं. बसला केळीचे खांब, रिक्षाला हार, शिंप्याच्या कात्रीला गंध. आमच्या घरातली फौजेच्या काळातली गंजकी तलवारसुद्धा वर्षातून एकदा निघते. तर कंपनीतही पूजा ठेवली. भटजी बोलावले. अक्काच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या ताटात मांडून त्यांवर फुलं वाहिली. ज्यांनी इतके दिवस कापलं त्यांचा मान झाला. मग भटजी कॉम्प्युटरपाशी आले आणि पडद्याला कुंकू लावणार, तोच थबकले.

“हे तर तोंड,” ते म्हणाले. “यंत्र कुठं आहे?”

कोणी तरी टेबलाखालचा खोका दाखवला.

“ही तर पेटी झाली. आतलं?”

आणि पुण्याच्या त्या कॉम्प्युटर इंजिनियरने, कंट्रीभर माऊस फिरवायला निघालेल्या त्या शहाण्याने, स्वतःच्या हाताने खोक्याचे स्क्रू काढले. पूजेत खोट राहायला नको ना! भटजींनी उघड्या यंत्रावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि वर नारळ फोडून “स्वल्प तीर्थ” म्हणत पळीभर पाणी शिंपडलं. स्वल्प! सुट्टीनंतर खोका झाकून बटण दाबलं तेव्हा आतून धूर आला.

“दुसरी प्रत असेल ना?” अक्काने विचारलं.

“कॉपी काढणारच होतो मॅडम,” अभिराज म्हणाला. “पूजेनंतर चांगल्या मुहूर्तावर.”

सगळं गेलं होतं. एक चित्र उरलं नव्हतं. अभिराजने दोन दिवस डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी दात काढत आमच्याकडे आला. “मॅडम, आता आपल्याला एक्सपिरियन्स आहे. सेकंड टाइम पटकन होईल.”

त्या संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसली. म्हणाली, “नाही म्हटलं तर आजवर मारलेले सगळे फुकट गेले. हो म्हटलं तर अजून तितकेच.”

“नाही म्हण,” मी म्हटलं. “ओकारी येते मला त्या मेल्याचं तोंड बघून.”

“आणि दिव्यश्रीला काय सांगू? जनवारी उलटली की दहावीचा तास आहे.”

ती गेली. पुन्हा देवाप्पा, पुन्हा गोणी, पुन्हा हिरवा रंग. मी सोबतीला जायचं बंद केलं. अक्का मात्र जात राहिली. त्या दिवसांत रविवारी मी मटण धुवायला बसले तर ती स्वयंपाकघराकडे फिरकली नाही. दिव्यश्रीने हाक मारली, “अत्ते, झडपा दाखव ना,” तर बाहेरूनच म्हणाली, “बेडा गं, आज नको. किळस येते.” हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

जानेवारीत सीडी निघाली. कव्हरवर हिरवागार बेडूक हसत होता, आणि त्याखाली लिहिलं होतं: एकाही बेडकाला इजा न करता शिका! त्याच्या खालोखाल अक्काचं नाव, सल्लागार म्हणून.

“हे खोटं आहे,” अक्का अभिराजला म्हणाली. “माझं नाव काढ.”

“खोटं कसं मॅडम? वापरताना कुठे काय मरतं? आणि आता प्रिंट झालंय सगळं.”

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते असं. पण एक कबूल करायला पाहिजे. शाळेत सीडी आली आणि पोरांना ती आवडली. शाळेत कॉम्प्युटर एकच. तो हेडमास्तरांच्या खोलीत, जरीची किनार असलेल्या कापडाखाली, चपला बाहेर काढून बघायचा. दहा-दहा पोरं आत सोडायचे. माऊस फिरवला की कातडी सरकायची, स्नायू सरकायचे, हृदय दिसायचं. ना रक्त, ना वास. मागच्या बाकावरच्यांनाही पहिल्यांदाच कळलं की यकृत कुठे आणि जठर कुठे. दिव्यश्री तीनदा बघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, “आई, डब्यात चित्रान्न दे.” मी आत जाऊन डोळे पुसले. त्या घटकेला मला वाटलं, झालं गेलं सगळं सोसलं पाहिजे. अक्काचंच खरं होतं.

त्याच आठवड्यात महांतेश सरांनी अक्काला बोलावलं. चेहरा खुललेला.

“बाई, कमाल केली तुम्ही. पोरं एकदम तयार झाली. आता एक बेडूक कशाला? दोघांत एक देऊ. शिक्षणाधिकारी येणार हायत, पालकांनाही बोलावू. आधी कॉम्प्युटरवर सराव, मग प्रत्यक्ष हाताने. अशी शाळा अख्ख्या बेंगळुरात दाखवा म्हणावं!”

अक्काला क्षणभर कळेचना. “सर, तुमचा शब्द होता. साधन आलं की बेडूक बंद.”

“होता की. पण तेव्हा पोरांना येत नव्हतं म्हणून तुम्हीच कुरकुरत होता. आता येतंय तर शिकलेलं फुकट घालवायचं?”

हे ती घरी येऊन सांगत होती तेव्हा तिचा आवाज शांत होता. राग यायचाच तर मला आला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. जिथे वर्षाला एक मरत होता तिथे आता गोणी भरून मरणार, आणि तेही अक्काच्या सीडीच्या कृपेने. दिव्यश्री दारात उभी राहून ऐकत होती. तिने दुसऱ्या दिवशी डबा नेला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पालक म्हणून गेले. प्रयोगशाळेत पताका लावलेल्या. टेबलांवर ओळीने ट्रे, प्रत्येक ट्रेजवळ टाचण्या आणि सुरी. कोपऱ्यात देवाप्पाची गोणी हलत होती. अधिकारी पुढच्या खुर्चीत, समोर बोंड्यांची बशी. महांतेश सर नवा कोरा पांढरा शर्ट घालून आले होते, कडक इस्त्रीचा. त्यांनी भाषण केलं. कॉम्प्युटरयुग म्हणाले, आणि गंमत म्हणजे अहिंसासुद्धा म्हणाले. दिव्यश्री आपल्या ट्रेपुढे पांढरीफटक उभी होती. मला तिला हाताला धरून घरी न्यावंसं वाटलं, पण तेवढ्यात सर म्हणाले, “चला बाई, सुरुवात करा.”

अक्का पुढे आली. हात जोडले. म्हणाली, “सर, इतका मोठा कार्यक्रम. उद्घाटन तुमच्या हस्ते व्हायला पाहिजे. पहिला बेडूक तुमचा.”

अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पालकांनी वाजवल्या. उद्घाटनाचा मान नाकारणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. सर हसत हसत म्हणाले, “अहो, मी इतिहासाचा माणूस...”

“नुसतं क्लोरोफॉर्मच्या बाटलीत सोडायचं सर, झाकण मी लावते.” अक्काने गोणीत हात घातला, एक चांगला थोराड बेडूक काढला आणि प्रसाद द्यावा तसा सरांच्या ओंजळीत ठेवला.

बेडकाला दाबून धरलं की तो मुततो. अक्काला हे माहीत होतं. इतिहासाच्या माणसाला नव्हतं. सरांनी घाबरून मूठ आवळून छातीशी धरली, आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत त्या कोऱ्या शर्टावर पिवळसर ओघळ उतरला. सर किंचाळले, अगदी किंचाळलेच. हात झटकला तसा बेडूक उडाला तो अधिकाऱ्यांच्या बोंड्यांत पडला. अधिकारी खुर्चीसकट मागे सरकले. पोरं बाकांवर चढली. सर “छी छी छी” करत नळाकडे पळाले आणि तिथे वाकून ओकायला लागले. बघवत नव्हतं, पण मी नजर हटवली नाही. दिव्यश्री ओकत घरी आली होती तेव्हा हा माणूस हसला होता.

कार्यक्रम तिथेच आटोपला. देवाप्पा गोणी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेत नोटीस लागली: बेडूक हा अत्यंत घाणेरडा प्राणी असून विद्यार्थ्यांच्या आरोग्यास अपायकारक आहे, यापुढे कोणत्याही कारणाने तो शाळेच्या आवारात आणू नये, ज्यांना शिकायचे आहे त्यांनी सीडी पाहावी. खाली महांतेश सरांची सही.

दिव्यश्री धावतच घरी आली. अक्का पायरीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होती. पोरीने मागून तिच्या गळ्यात हात टाकले. “अत्ते, बंद झालं! तू सांगितलं तसंच झालं!”

अक्काने लाल पेन खाली ठेवलं.

“झालं गं बंद,” ती म्हणाली. “पण ते बेडकांसाठी नाही, तुझ्यासाठी पण नाही. त्यांच्या शर्टासाठी.”